राई, रान आणि काजीची बाग: कोकणातल्या तुकड्यांत कुठलं जनावर राहतंय ते कसं शोधायचं

आधी एक गोष्ट डोक्यातून काढून टाका, की आपण जनावरं मोजायला चाललोय. मोजता येत नाहीत. बिबट्याच्या अंगावरच्या ठिपक्यांवरून हा कुठला बिबट्या ते कळतं, तेही दोन्ही बाजूंचे फोटो मिळाले तर, पण एक कांडेचोर (झाडांवर चढणारं उदमांजर) आणि दुसरा कांडेचोर यात फरक करणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. मग करायचं काय, तर कुठल्या तुकड्यात काय आहे आणि कुठल्या तुकड्यात काय मिळत नाही हे नीट लिहायचं, आणि ते शोधायला आपण किती मेहनत घेतली हेही तितकंच नीट लिहायचं. दुसरी गोष्ट लोक हमखास विसरतात आणि मग सगळं मुसळ केरात.

कोकणात जंगल सलग नाहीच. रत्नागिरी, सिंधुदुर्गात वनखात्याची जमीन कमी, बाकी सगळं खाजगी, म्हणजे इथे देवराई (रत्नागिरीकडे देवरहाटी म्हणतात), तिथे व्हाळाच्या (ओढ्याच्या) दोन्ही काठांची झाडी, मधेच कुणाचं तरी रान जे काही वर्षांनी ठेका देऊन तोडलं जातं आणि परत फुटतं, आणि या सगळ्याच्या मधे काजू (गावात काजी म्हणतात), आंब्याची कलमं, दोडामार्गात रबर आणि अननस, भातशेती, उघडा सडा (जांभ्याचं पठार). जनावरं या गोधडीत राहतात. साळिंदर, कोल्हा, मुंगूस, कांडेचोर बागेतून बिनधास्त जातात, पण शेकरूला फांदीला फांदी लागलेली हवी आणि पिसोरीला (सशाएवढं, हरणासारखं जनावर) दाट झुडूप. म्हणजे तुकडा केवढा आहे, मोठ्या जंगलापासून किती लांब आहे आणि त्याच्या आजूबाजूला काय आहे, या तीन गोष्टी प्रत्येक तुकड्यासाठी लिहूनच सुरुवात करायची.

नकाशा गूगल अर्थवर काढा पण त्यावर डोळे झाकून विश्वास नको. वरून जुनी काजूची बाग आणि रान सेम दिसतं, मी स्वतः एक मस्त हिरवा तुकडा हेरून ठेवला होता, दीड तास चालत गेलो तर खाली सगळी काजी आणि एक बाई विचारतेय कोणाकडे आलात. रबर ओळखायला सोपं, थंडीच्या शेवटी पानं गाळतं आणि रांगा दिसतात. त्यामुळे घरी बसून तुकडे काढायचे आणि मग प्रत्येक ठिकाणी एकदा तरी पाय लावायचे. निवडताना फक्त चांगल्या राया निवडू नका, हा मोह सगळ्यांना होतो. पाच-दहा गुंठ्यांचा तुकडा, एक-दोन हेक्टरचा, दहा हेक्टरचा आणि एखादं मोठं रान असे गट करून प्रत्येक गटातून चिठ्ठ्या टाकून घ्या (हेक्टर म्हणजे साधारण 100 गुंठे, गावात गुंठ्यात बोला नाहीतर कोणाला कळत नाही). शिवाय थोडे कॅमेरे (झाडाला बांधून ठेवायचे, जनावर समोरून गेलं की आपोआप फोटो काढणारे) मुद्दाम काजूच्या बागेत. बागेत काय चालतं हे माहीत नसेल तर राईत जे मिळालं ते राईमुळे मिळालं असं कसं म्हणणार? वीस-पंचवीस तुकडे झाले तर काहीतरी बोलता येतं, पाच-सहात फक्त बातमी होते.

परवानगीचा भाग कंटाळवाणा आहे आणि तोच सगळ्यात जास्त वेळ खातो. खाजगी रानाचा सातबारा काढला की त्यावर अठरा नावं, त्यातली अकरा मुंबईत, दोन वारलेली. सगळ्यांच्या सह्या काही मिळत नाहीत, पण गावात जो कसतो किंवा राखतो त्याची लेखी हो घ्या, मुंबईच्या चाकरमान्यांना फोन करून कानावर घाला, सरपंच आणि पोलीस पाटलाला सांगा, आणि वनक्षेत्रपालांच्या ऑफिसला पत्र देऊन पोच घ्या. फणसाड, कर्नाळा अशा अभयारण्यात काम असेल तर मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी हवीच, आणि तिलारी संवर्धन राखीव आहे 2020 पासून, तिथेही वनखात्याला विचारल्याशिवाय पाऊल नको. खवले मांजर, बिबट्या हे 1972 च्या कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. कशालाही हात लावायचा नाही, पकडायचं नाही, बिळात काठी घालायची नाही, कोंबडीचं आमिष लावून फोटो काढायचे नाहीत.

देवराईची परवानगी मात्र वेगळी. एका गावात सगळी कागदं घेऊन गेलो, सरपंच खूश, सगळं ओके, आणि राईच्या तोंडाशी मानकरी आजोबा उभे. हातातला हातोडा बघून म्हणाले, "देवाक इचारल्याशिवाय राईत खिळो मारूचो नाय." खिळे मारणार नव्हतोच, पट्ट्याने बांधतो आम्ही, पण ते सांगून उपयोग नव्हता आणि त्यांचं चुकीचंही नव्हतं. नारळ आणला, चपला बाहेर काढल्या, त्यांनी गाऱ्हाणं घातलं की ही पोरां तुझ्या राईतली जनावरां बघूक इली हत, त्यांका सांभाळ, आणि आम्ही सगळे दर वाक्याला "व्हय म्हाराजा". त्या राईतला एकही कॅमेरा गेला नाही. त्याच सीझनमध्ये सड्यावरचा साखळी-कुलूप लावलेला कॅमेरा साखळीसकट गेला. काय समजायचं ते समजा. काही राईत बायकांना आत सोडत नाहीत, टीममध्ये मुली असतील तर हे आधीच विचारून ठेवा, ऐनवेळी तिथे उभं राहून वाद घालण्यापेक्षा त्या दिवसाचं काम वाटून घेता येतं.

कॅमेऱ्याच्या आधी लोकांशी बोला. गुराखी, सह्याद्रीच्या पायथ्याच्या धनगरवाड्यातली माणसं, काजू वेचणाऱ्या बायका, रात्री माड-पोफळीला पाणी लावणारे, यांना जेवढं माहीत असतं तेवढं आपल्याला तीन वर्षांत कळत नाही. पण ऐकायची पद्धत हवी. पहिला घोळ वाघाचा. "वाघ मगे, परवाच माझो कुत्रो नेल्यान" असं कोणी म्हणालं की तो बिबट्या असतो, कोकणात बिबट्याला वाघच म्हणतात, खऱ्या वाघाला पट्टेरी किंवा ढाण्या म्हणतील, तर ते विचारून खात्री करा. तसंच रानमांजर म्हणजे कुठलंही मांजर असू शकतं, त्यात वाघाटी आली, कधी उदमांजरपण आलं. म्हणून फोटोंचे कार्ड न्या आणि त्यात दोन-तीन अशी जनावरं टाका जी इथे असूच शकत नाहीत. जो माणूस सिंहालापण "हा, असता हयसर" म्हणतो त्याची मुलाखत चहा पिऊन गोड बोलून बाजूला ठेवायची. आणि "कधी पाहिलं" याचं उत्तर कधीच वर्षात मिळत नाही, म्हणून वादळं वापरा. दापोली-श्रीवर्धनकडे "निसर्गच्या आधी की नंतर" (जून 2020), खाली सिंधुदुर्गात "तौक्तेच्या आधी की नंतर" (मे 2021). सगळ्यांना आठवतं, कारण कोणाचं छप्पर गेलं होतं नाहीतर कोणाची कलमं. शिकारीबद्दल थेट विचारू नका, ते आपोआप बोलण्यात येतं किंवा येत नाही, आणि आलं तर नाव लिहायचं नाही.

मग चालायचं, खुणा बघत. व्हाळाच्या कडेचा ओला गाळ, पाणंद, गडग्याला (दगडी कुंपणाला) पडलेली भगदाडं जिथून जनावर जातं, पाखाडीच्या पायऱ्या. मांजरकुळातल्या ठशात नखं उमटत नाहीत, कुत्रा-कोल्ह्याच्या उमटतात, उदमांजराच्या ठशात पाच बोटं. पिसोरीचा खूर दोन सेंटीमीटरच्या आत, भेकराचा त्याहून मोठा, आणि ठसा दिसला की बाजूला पट्टी ठेवून वरून सरळ फोटो, तिरका फोटो काढून काही उपयोग नाही. कांडेचोराची विष्ठा दगडावर, पडलेल्या ओंडक्यावर, बियांनी भरलेली, भेरली माडाच्या बिया तर हमखास. साळिंदराच्या लेंड्या खारकेसारख्या लांबट, कधी माळेसारख्या एकमेकींना चिकटलेल्या, आणि जवळपास काटा सापडतोच. उदाची (पाणमांजराची) विष्ठा खडकावर, माशांचे खवले आणि कुर्ल्यांची कवचं त्यात, वास असा की वाऱ्यावर आधी कळतं. खवले मांजराची खूण म्हणजे उकरलेलं वारूळ आणि उतारावरचं बीळ, पण उकरलेलं वारूळ दिसलं की खवल्या असं लगेच लिहू नका, नखांचे समांतर ओरखडे दिसले तरच, नाहीतर "शंका" म्हणून वेगळा कॉलम. शंकेचा कॉलम ठेवायला लाजायचं काही कारण नाही.

आता कॅमेरा. हा उष्णता आणि हालचाल दोन्हीवर चालतो, म्हणजे आजूबाजूपेक्षा गरम काहीतरी समोरून हललं की फोटो. त्यामुळे एप्रिलच्या दुपारी सड्यावर जांभा दगड जनावराइतकाच तापलेला असतो तेव्हा कॅमेरा आंधळा होतो, आणि उन्हात हलणारं पान मात्र दिवसाला चारशे फोटो काढून देतं. तोंड उत्तरेला किंवा दक्षिणेला, उगवता-मावळता सूर्य समोर नको. समोरच्या दोन-तीन मीटरमधलं गवत, हलणारी फांदी साफ करा, पण राईत कोयता चालवायच्या आधी परत एकदा विचारा, काही ठिकाणी काडीपण मोडू देत नाहीत, मग जागा बदला. वाटेच्या अगदी काटकोनात न लावता थोडा तिरका लावला की जनावर जरा जास्त वेळ समोर राहतं.

उंची. सगळे गुडघ्याइतकी लावतात, बिबट्या, भेकर, रानडुकराला ते ठीक. पण पिसोरी खांद्यापाशी फुटभरसुद्धा नसते आणि वजन तीनेक किलो, गुडघ्याला लावलेल्या कॅमेऱ्याच्या खालून ती आरामात निघून जाते, विशेषतः उतारावर, आणि कोकणात सगळाच उतार. पहिल्या वर्षी आमच्या एका घळीत पिसोरी शून्य होती. पुढच्या वर्षी त्याच झाडाला, त्याच बाजूला, वीत-सव्वा वीत उंचीवर लावला आणि सहाव्या रात्री ती आली, पाठीवर पांढरे ठिपके, ठिपक्यांच्या ओळी, एक पुढचा पाय उचललेला. आधीच्या वर्षी पण असणार की. लावून झाल्यावर स्वतः चार पायांवर समोरून रांगत जा आणि फोटो येतो का बघा, गावातली पोरं हसतात, हसू दे.

आणि घड्याळ. कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट करायचं, तारीख-वेळ बघायची, मग त्या तारखेची चिठ्ठी आणि तुकड्याचा नंबर कॅमेऱ्यासमोर धरून पहिला फोटो काढायचा. हे मी आता देवाच्या नावासारखं करतो कारण एकदा बारा तास उलटे लागले होते. घरी फोटो बघतोय तर साळिंदर दुपारी एक वाजता फिरतंय, दोन मिनिटं मला वाटलं मोठा शोध लागला, मग लक्षात आलं की फोटो काळा-पांढरा आहे, म्हणजे इन्फ्रारेड चालू, म्हणजे रात्र. तो कॅमेरा ओळखू आला, पण त्याच दिवशी घाईत लावलेले अजून दोन कॅमेरे होते ज्यांच्यावर फक्त गुरं आणि कुत्रे आलेले, त्यांची वेळ बरोबर की चूक हे अजून मला माहीत नाही, वेळेच्या हिशोबातून ते फेकून द्यावे लागले.

किती दिवस ठेवायचे? इथे हिशोब करा. समजा एखाद्या राईत पिसोरी आहे आणि दहा रात्रींत ती कॅमेऱ्यात यायची शक्यता 30 टक्के. म्हणजे न यायची 70. तीस रात्री ठेवलं तर तीनही वेळा न यायची शक्यता 0.7 गुणिले 0.7 गुणिले 0.7, म्हणजे साधारण 34 टक्के. म्हणजे महिनाभर कॅमेरा ठेवून तीनातल्या एका राईत तुम्ही "पिसोरी नाही" असं लिहिणार आणि ती झुडपात बसलेली असणार! पन्नास रात्रींनी ती चूक 17 टक्क्यांवर येते. म्हणूनच एकदा जाऊन यादी करून यायच्या सर्व्हेला अर्थ नाही, त्याच जागेचा काळ दहा-दहा रात्रींच्या तुकड्यांत पाडायचा आणि प्रत्येकात मिळालं की नाही ते 1 आणि 0 ने लिहायचं. त्यावरून दिसण्याची शक्यता आणि असण्याची शक्यता वेगळी काढता येते, याला ऑक्युपन्सी म्हणतात, 2002 पासून ही पद्धत रुळलीय, आर या आकडेमोडीच्या सॉफ्टवेअरमध्ये त्यासाठी अनमार्क्ड नावाचं फुकट पॅकेज आहे. गणित जमत नसेल तर गणितवाला मित्र पकडा, पण 0 लिहायला विसरू नका. रिकामं कार्ड आलं की पोरांची तोंडं पडतात, खरं तर पन्नास रात्रींचं रिकामं कार्ड ही चांगली कमाई आहे. आणि कॅमेरा नवव्या दिवशी बॅटरी संपून मेला असेल तर 9 रात्री लिहा, 30 नाही. एकच जनावर समोर बसून दहा मिनिटं अंग खाजवत असेल तर ते दहा फोटो म्हणजे एकच भेट, साधारण अर्ध्या तासाच्या अंतराने आलं तर वेगळी भेट धरतात.

कॅमेऱ्यात न येणारे पण आहेत. शेकरू जमिनीवर जवळजवळ येतच नाही, त्यासाठी सकाळी साडेसहा ते नऊ हळूहळू, तासाला किलोमीटरभरच, थांबत थांबत, आवाज ऐकत चाला. घरटी मोजा पण एक शेकरू चार-पाच घरटी बांधून ठेवतं, म्हणून घरट्यांचा आकडा तो घरट्यांचाच. रात्री लाजवंतीसाठी (म्हणजे लोरिस, मोठ्या डोळ्यांचं छोटं माकडासारखं जनावर, काही गावांत वनमाणूस म्हणतात, त्यावरून नको त्या गोष्टी पसरतात) डोक्याच्या बॅटरीला लाल कागद लावून जायचं, दोन डोळे जवळजवळ, समोर बघणारे, केशरी चमकतात आणि पळत नाहीत, तुमच्याकडेच बघत बसतात. सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यात गेलात तर वर फांद्यांत बघायला विसरू नका. दोघांपेक्षा कमी माणसांनी रात्री जायचं नाही.

जिवाचं आता. दोडामार्ग-बांदा भागात 2016 पासून माकडतापाच्या केसेस होतायत, तो गोचिडीतून येतो, डिसेंबर ते मे जास्त, म्हणजे नेमका आपला सीझन. पूर्ण बाह्या, पँट मोज्यात खोचून, अंगाला डीएमपी तेल (गोचीड लांब ठेवणारं), पाचोळ्यावर बसायचं नाही, घरी आल्यावर कपडे गरम पाण्यात आणि स्वतःचं अंग नीट तपासायचं. मेलेलं माकड दिसलं तर जवळ जायचं नाही, प्राथमिक आरोग्य केंद्राला आणि वनखात्याला कळवायचं. ताप आला तर डॉक्टरला पहिलं वाक्य "मी जंगलात काम करतो" हे सांगा. फुरसं जांभ्याच्या दगडाखाली असतं, गडग्यात हात घालून तोल सावरायची सवय सोडा. गवा दिसला तर फोटो नंतर, आधी झाडामागे.

शिमग्याच्या आसपास काही गावांत अजून पारधीला जातात, त्या दिवसांत रात्री रानात फिरू नका, ठासणीची बंदूक खसखस ऐकून उडते. फासकी (जनावर अडकवायचा फास) सापडली तर तिथल्या तिथे काढून खिशात घालण्याआधी फोटो आणि जागा टिपा आणि 1926 या वनखात्याच्या नंबरवर कळवा. फासकीची नोंद हासुद्धा डेटाच, तशीच गावच्या कुत्र्यांची. कुत्रे प्रत्येक तुकड्यात किती रात्री दिसले ते लिहा, लहान तुकड्यांत मला बऱ्याचदा जनावरांपेक्षा कुत्रेच जास्त मिळालेत आणि मला वाटतं काही राया रिकाम्या होण्यामागे तेच आहेत, पण ते सिद्ध करायला माझ्याकडे अजून पुरेसे तुकडे नाहीत.

फोटो चाळायला मेगाडिटेक्टर नावाचं सॉफ्टवेअर वापरा, ते रिकामे फोटो बाजूला काढतं, हजारो पानांचे फोटो माणसाने बघायची गरज नाही. लाकूडफाटा नेणाऱ्या बायकांचे, राईत जोडीने बसलेल्या पोरांचे फोटो लगेच डिलीट, कोणालाही दाखवायचे नाहीत, आणि हे आधी गावात बोलून दाखवा. खवले मांजराची जागा कुठेही टाकू नका, ग्रुपवर नाही, फेसबुकवर नाही, रिपोर्टमध्येसुद्धा तालुक्यापर्यंतच. मोबाईलच्या फोटोत जागा लपलेली असते, ती काढून मगच पाठवा. पण गावाला त्यांच्या राईतले फोटो नक्की द्या, जत्रेत मोठे प्रिंट लावले तर पोरं-म्हातारी सगळी गोळा होतात आणि तिथेच निम्मी नवीन माहिती मिळते. ग्रामपंचायतीची जैवविविधता नोंदवही असते, त्यात सस्तन प्राण्यांच्या पानावर बऱ्याचदा दोन ओळी असतात, तिथे तुमची यादी चढवून घ्या.

दिवाळीनंतर लावायला सुरुवात करा, काजू वेचायची गर्दी फेब्रुवारीपासून, त्याआधी निदान एक फेरी पूर्ण व्हावी. मार्च-एप्रिलमध्ये वणवा लागतो म्हणून सड्याला लागून असलेल्या कॅमेऱ्यांच्या बुडाचं सुकं गवत काढून ठेवा. आणि काहीही झालं तरी मिरगाच्या आत सगळे कॅमेरे खाली. एक वर्ष आळस केला, एक कॅमेरा जुलैत काढला, आत मुंग्यांनी अंड्यांसकट घर केलेलं आणि सेलच्या जागी हिरवी पावडर. आता उघडून सेल काढतो, ब्रशने मुंग्या झाडतो, सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर घट्ट झाकणाच्या डब्यात भरतो आणि डब्यावर तुकड्यांचे नंबर लिहून माळ्यावर ठेवतो.